पुढच्या जानेवारीचं कार्ड

पत्र थोडक्यात असं: वय २६, इंदूर, लोकमान्य नगर, आई-वडिलांसोबत राहतो. नोकरीला तीन वर्षं झाली. कॉम्प्युटर २०२० साली जमवलेला: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, आणि जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळांची चित्रं रचणारा भाग. गेल्या दिवाळीत १४४ हर्ट्झचा चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर घेतला. नव्या ग्राफिक्स कार्डासाठी ४५,००० रुपये बाजूला काढलेत, त्यालाही दीड वर्ष झालं. दर वेळी घ्यायला निघालं की काहीतरी बातमी येते: ‘सुपर’ मालिका येणार, मेमरी वाढणार, भाव पडणार, पुढची पिढी येणार. शनिवारी रात्री कॉलेजच्या मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ चालतो, आणि ‘जीटीए ६ येईल तेव्हा मशीन तयार हवी’. ऑफिसातला एक जण जुनं कार्ड ८,००० रुपयांना मागतोय, पण याच आठवड्यात हवं म्हणतो. वडिलांचं म्हणणं, ‘चालतंय ना, मग कशाला?’ प्रश्न असा: ‘काका, आता घेऊ की थांबू? आता घेतलं आणि महिन्याभरात नवं आलं, तर मी मूर्ख ठरेन.’

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कार्डांची नावं अकरा निघाली. त्यातली चार अजून जन्माला यायची आहेत. खेळांची नावं दोनच, आणि त्यातला एक तुझ्या मशीनवर कधी येईल हे कुणी जाहीर केलेलं नाही. सध्या काय अडतंय, कुठला खेळ अडखळतो, कुठे चित्र थांबतं, याबद्दल त्या दोन पानांत एक ओळ नाही. मी शोधली.

म्हणून ‘घेऊ की थांबू’ जरा बाजूला ठेवतो आणि आधी तुझ्या बातम्यांकडे येतो, कारण तुझा दीड वर्षाचा मुक्काम तिथेच आहे.

या बातम्या खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा खऱ्याच असतात, पण अर्ध्या. २०२५भर गाजलेली ‘५०७० सुपर, १८ जीबी’ ही बातमी घे. तू ती पत्रात तीनदा लिहिली आहेस. ती आली कुठून? एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५०७० कार्डाची मेमरी बस, म्हणजे मुख्य चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता, १९२ बिटची. मेमरीची एक चिप त्यातले ३२ बिट घेते, म्हणजे चिपा सहा. चिप दोन जीबीची, म्हणून साध्या ५०७०वर १२ जीबी. तीन जीबीच्या चिपा निघाल्या, आणि लॅपटॉपच्या ५०९०मध्ये तशा आठ बसवून २४ जीबी झालेही. आता साहा त्रिक अठरा कुणालाही करता येतं. त्यात गुपित काहीच नव्हतं, शाळेतला पाढा होता. त्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे व्हिडिओ झाले आणि ते तू रात्री बारा वाजता पाहिलेस.

पाढा बरोबर होता. पण २०२६चा जानेवारी आला, लास वेगासचा इलेक्ट्रॉनिक्सचा मेळा भरला, आणि तिथे एनव्हिडियाने नवं कार्ड दाखवलंच नाही. एआय वापरून खेळाचं चित्र सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दाखवली, डीएलएसएस ४.५, आणि कार्यक्रम संपला. मधल्या काळात मेमरीचाच दुष्काळ पडला. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केली, रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मेमरी महाग असताना जास्त मेमरीचं कार्ड स्वस्तात कोण देईल? हा प्रश्न त्या व्हिडिओंत कुणी विचारला नव्हता, कारण पाढ्यात तो येत नाही.

माझा अनुभव असा, की पुढच्या कार्डाचा साचा आधी फुटतो. चिप कुठली, मेमरी किती, बस किती रुंद, हे कारखान्यांत आणि मालवाहतुकीच्या नोंदींत दिसतंच. फुटत नाहीत त्या तीन गोष्टी: तारीख, किंमत, आणि आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये तो डबा प्रत्यक्ष कधी दिसेल ते. घेणाऱ्याला नेमक्या याच तीन लागतात.

फुटलेल्या बातमीचं सोड, व्यासपीठावरून केलेली घोषणाही टिकेलच असं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये एनव्हिडियाने ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, १६ जीबीचं आणि १२ जीबीचं. लोक ओरडले, की १२ जीबीवालं हे ४०८० नाहीच, नाव एक आणि चिप वेगळी. १४ ऑक्टोबरला कंपनीने ते मागे घेतलं. जानेवारी २०२३मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने, ८९९ऐवजी ७९९ डॉलरला आलं. बारसं होऊन, नाव मागे घेऊन, पुन्हा बारसं. आणि जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग मंचावरून म्हणाले, की ५४९ डॉलरच्या ५०७०मध्ये ४०९०ची कामगिरी मिळेल. तेही एका अर्थी खरं होतं, पण चारातल्या तीन फ्रेमा, म्हणजे पडद्यावरची एकामागची एक चित्रं, कार्डाने स्वतः रचून भरल्या तर. ४०९०वर मेमरी २४ जीबी, यावर १२. ज्याने वाक्याचा पुढचा भाग ऐकला तो फसला नाही.

आता माझंच सांगतो. सप्टेंबर २०२०मध्ये ३०७० जाहीर झालं, ४९९ डॉलर. जगभर लोक घाईने जुनी कार्डं विकायला लागले, की आता याला कोण विचारणार. मीही त्यातलाच. माझं जीटीएक्स १०६० सहा हजारांना देऊन टाकलं, आणि त्या संध्याकाळी छप्पन दुकानला मित्रांना खाऊ घातलं, इतका मी खूश होतो. पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू तेव्हा कॉलेजात असशील. माल नाही. जो आहे तो कार्डांवर इथेरियम हे डिजिटल चलन खणणाऱ्यांकडे. दुकानात भाव दुपटीने, आणि त्यातही ‘भिया, बोर्ड के साथ लेना पड़ेगा’. प्रोसेसरमध्ये कामचलाऊ ग्राफिक्स होतं, म्हणून स्क्रीन तरी उजळायची. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने खणण्याची पद्धतच बंद केली, तेव्हा कुठे भाव खाली आले. मी ऑक्टोबरात कार्ड घेतलं. दोन वर्षं गेली, लॉकडाउनसकट. घरात बसायला सगळ्यात जास्त वेळ होता तेव्हाच माझ्याकडे कार्ड नव्हतं. बायको अजून अधूनमधून त्या सहा हजारांचा हिशोब विचारते.

म्हणून सहकाऱ्याच्या आठ हजारांचं आधी सांगतो, कारण ते याच आठवड्याचं आहे. नवं कार्ड घरी येऊन, बसवून, चार दिवस चालल्याशिवाय जुनं देऊ नकोस. माझ्याकडे निदान कामचलाऊ चित्र होतं. तुझ्या रायझन ५ ३६००मध्ये ग्राफिक्स मुळीच नाही. कार्ड काढलंस तर मॉनिटर काळा राहील, ऑफिसची मेलसुद्धा उघडणार नाही. त्याला सांग, ‘माझं ठरलं की पहिला फोन तुला.’ थांबला तर ठीक. नाही थांबला तर हजार-दीड हजार कमी मिळतील, त्याहून जास्त काही जायचं नाही.

आता तुझ्या पत्रात गृहीत धरलेल्या एका गोष्टीवर बोट ठेवतो: नवं आलं की जुनं स्वस्त होतं, म्हणून थांबणाऱ्याचा फायदाच. पूर्वी बऱ्याचदा असं व्हायचं. पण २०१८मध्ये आरटीएक्सची पहिली पिढी आधीच्या पिढीपेक्षा महाग आली, २०२१मध्ये जुनी कार्डंसुद्धा नव्यापेक्षा महाग विकली गेली, आणि आता मेमरीचं चाललं आहे. थांबणंही फुकट नसतं. तुझ्याबाबतीत त्याची किंमत पैशात कमी आणि शनिवारांत जास्त गेली आहे. दीड वर्षाचे साधारण अठ्ठ्याहत्तर शनिवार होतात. सिल्व्हर मॉलमधला तो दुकानदार गेली पंधरा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतो, ‘अभी ले लो भिया, कल रेट बढ़ जाएगा.’ पंधरापैकी तीन-चार वर्षं तो बरोबर ठरला. हे वर्ष त्यातलं असू शकेल. पण तो सांगतो म्हणून घेऊ नकोस, आणि व्हिडिओवाला सांगतो म्हणून थांबूही नकोस.

किमतीचा आणखी एक घोळ. तू सगळीकडे डॉलरच्या आकड्याला डॉलरच्या भावाने गुणलं आहेस आणि ‘भारतात लुटतात’ असं लिहिलं आहेस. अमेरिकेतला जाहीर आकडा कराशिवायचा असतो. ३४९ डॉलरचं कार्ड, डॉलर ८८ रुपये धरला तर ३०,७१२. त्यावर १८ टक्के जीएसटी, की ३६,२४० झाले, आणि अजून आयातदार आणि दुकानदार यांनी आपला वाटा घेतलेला नाही. लूट होत नाही असं नाही, पण ती मोजायची ३६पासून, ३०पासून नव्हे. पुढच्या बातमीतला ‘फक्त इतके डॉलर’ वाचलास की आधी हा गुणाकार कर. बरीच हवा तिथेच निघून जाते.

आता खरा प्रश्न: कार्ड बदलायला हवं असं तुला कशावरून वाटतं?

शनिवारी व्हॅलोरंट चालू असताना एक काम कर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा, आणि जीपीयूचा, म्हणजे कार्डाचा, टक्का बघ. तो ९७-९८ला चिकटलेला असेल तर कार्ड दमलंय. तो ५५-६०वर रेंगाळतोय आणि तरी खेळ अडखळतोय, तर कार्ड रिकामं बसलंय, दुसरं कुणीतरी उशीर करतंय. माझा अंदाज दुसरा आहे. व्हॅलोरंटचा भार मुळात प्रोसेसरवर असतो. फुल एचडीवर तो १६६० सुपरला जड नाही. तिथे ४५,००० घालून तुला जवळजवळ काहीच दिसणार नाही, आणि मग तू पुढच्या मालिकेच्या बातम्या पाहायला लागशील.

त्याच खिडकीत मेमरीवर टिचकी मारून रॅमचा वेग बघ. तुझी रॅम ३२००ची असेल, आणि तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल, तर मशीन जमवणाऱ्याने बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी चालूच केलेलं नाही. असं फार ठिकाणी असतं. रायझनच्या त्या पिढीला रॅमचा वेग लागतो. एक बटण, पैसे शून्य.

आणि मॉनिटर. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, त्याच्या तळाशी ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे १४४ लिहिलंय का? आमच्या गल्लीतला एक मुलगा नवा मॉनिटर घेऊन नऊ महिने ६०वर खेळत होता, आणि ‘काका, कार्ड कमी पडतंय’ म्हणून माझ्याकडे आला. जुनी एचडीएमआय केबल लावलेली, डबाबंद डिस्प्लेपोर्टची केबल कपाटात प्लास्टिकमध्ये. मी केबल बदलली, माऊस त्याच्या हातात दिला आणि १४४ निवडायला सांगितलं. त्याने बाण गोल गोल फिरवून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि कान लाल झाले. त्याचं नाव सांगत नाही. तो हे सदर वाचतो.

धूळ तर विचारूच नको. इंदूर स्वच्छतेत कितीही पहिलं येवो, सहा वर्षं न उघडलेल्या कॅबिनेटला ते माहीत नसतं. बाजूचं झाकण काढ, गॅलरीत ने, ब्लोअर मार, पण कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेव. हवेने तो भन्नाट फिरू दिलास तर बेअरिंग जातं. मे महिन्यात खोलीच ३८-४० अंशांवर असते, तेव्हा कार्ड ८३-८४ला जाऊन वेग कमी करतं, आणि आपण म्हणतो जुनं झालं. थर्मल पेस्ट सहा वर्षांत वाळून खडू झालेली असेल. ती बदलायला दुकानात किरकोळ पैसे घेतात. स्वतः करायची असेल तर स्क्रू कुठला कुठे होता त्याचा आधी फोटो काढ.

एवढं करून जीपीयूचा टक्का तरी ९८ दिसला, किंवा तुला व्हॅलोरंटपलीकडचं काही खेळायचं असेल, तर मग कार्डाचं बोलू. कारण एका बाबतीत तुझं कार्ड खरंच मागे पडलंय. १६६० सुपरमध्ये रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र रचण्याचं, हार्डवेअर नाही, आणि काही नवे खेळ आता ते असल्याशिवाय उघडतच नाहीत. मे २०२५मध्ये आलेला डूमचा भाग, द डार्क एजेस, त्यातलाच. असा एखादा खेळ तुझ्या यादीत असेल तर सेटिंग कमी करून भागणार नाही. यादी आहे का? नसेल तर लिही. पुढच्या वर्षभरात खरोखर बसून खेळशील असे तीन खेळ. यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना बघितलेले धरायचे नाहीत.

जीटीए ६ त्या यादीत घालू नकोस. रॉकस्टारने दिलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजची आहे. त्यात पीसी नाही. यांची जुनी सवय बघ. पाचवा भाग कन्सोलवर सप्टेंबर २०१३मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९. आज त्यासाठी कार्ड घेणं म्हणजे पोरगी तिसरीत असताना मांडव घालणं. पीसीची तारीख जाहीर होऊ दे, मग पैसे काढ.

यादीत जड खेळ निघाले तर तुझ्या मशीनसाठी माझं मत एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या १६ जीबीच्या आरएक्स ९०६० एक्सटीकडे झुकतं. अमेरिकेत ते जून २०२५मध्ये ३४९ डॉलरला आलं. वरचा गुणाकार त्याचाच होता. तू एनव्हिडियाच्या ५०६०चा विचार करतोयस, ८ जीबी, २९९ डॉलर. चांगलं कार्ड आहे, पण तुझ्या बोर्डावर त्याची एक अडचण आहे, जी दुकानदार सांगत नाही. कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा रस्ता म्हणजे पीसीआय, आणि तुझा बी४५० बोर्ड त्याच्या जुन्या ३.० पिढीचा. ५०६० फक्त आठ लेन वापरतं, म्हणजे तुझ्याकडे त्याचा रस्ता निम्मा होतो. मेमरी पुरतेय तोवर कळतही नाही. ८ जीबी भरली, की उरलेला माल त्याच अरुंद गल्लीतून रॅममधून आणावा लागतो, आणि खेळ आचके देतो. राजवाड्यापासून सराफ्यात रात्री दहाला स्कूटर घालून बघ, म्हणजे कळेल. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, आणि १६ जीबी असली की तो प्रसंगच सहसा येत नाही. त्याच नावाने ८ जीबीचंही मिळतं. डबा नीट वाच, बिलावर १६ लिहून घे.

उलट ब्लेंडर, व्हिडिओचं काम किंवा घरी एआय मॉडेल चालवणं यातून तू चार पैसे मिळवत असशील, तर एनव्हिडियाचंच घे. बरीच सॉफ्टवेअर अजून कूडा या एनव्हिडियाच्याच प्रणालीवर बेतलेली आहेत. तिथे १६ जीबीचं ५०६० टीआय बघ, पण तुझ्या पैशात ते बहुधा बसणार नाही. पत्रात तसं काही लिहिलं नाहीस, म्हणून इथे थांबतो.

कार्ड आणण्याआधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायचं लेबल वाच. सहा वर्षं जुना ४५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा असेल आणि आठ पिनची वायर असेल, तर १६० वॉटच्या कार्डाला तो पुरेल. १६६० सुपर १२५ वॉट घ्यायचं, फरक फार नाही. पण तो कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल, तर ४५,०००मधले चार-पाच हजार आधी तिकडे. टेबलाखालचा यूपीएसही आठव. ६०० व्हीएचा म्हणजे जेमतेम ३६० वॉटचा. पावसाळ्यात लाइट गेली की तो किंचाळेल आणि बसेल, आणि तू नव्या कार्डाला शिव्या देशील.

टक्का ५५-६० निघाला, तर तुझ्यासाठी आणखी स्वस्त वाट आहे: त्याच बोर्डावर रायझन ५ ५६००. कार्डाच्या निम्म्याहूनही कमी पैशात शनिवार सुधारतो. फक्त जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करून घे. आणि ते चालू असताना यूपीएस चालू ठेव, कारण मधेच वीज गेली तर बोर्डाचं काही खरं नाही.

वापरलेलं कार्ड घेऊ का, असं बरेच जण विचारतात. १२ जीबीचं ३०६० ठीकठाक भावात मिळालं तर अजून वाईट नाही. विकणाऱ्याच्या घरी जा, मशीनवर लावलेलं बघ, वीस मिनिटं जड खेळ चालव, तापमान बघ, पंख्याला कान लाव. डब्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच हवा. ‘गाडीत आहे, चौकात भेटू’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत फीर.

ज्यांच्याकडे अजून जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० आहे, त्यांच्यासाठी: त्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पासून थांबले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत येतील. जुने खेळ चालतच राहतील, घाबरून जाऊ नका. पण बदलायचं मनात असेल तर तुमच्याकडे कारण आहे, या वाचकाकडे अजून नाही. आणि बारावीतला मुलगा ‘अभ्यासाला आरटीएक्स लागतं’ म्हणतोय असं लिहिणाऱ्या ताईंना: नाही लागत. पण त्याला तसं एकदम तोंडावर म्हणू नका. कुठला खेळ आहे ते विचारा.

तारखेचं राहिलं. थांबायचंच ठरवलंस तर थांबण्याला तारीख लाव. समज, दसरा. त्या दिवशी सिल्व्हर मॉलमध्ये जे प्रत्यक्ष काउंटरवर, बिलासह, तीन वर्षांच्या वॉरंटीसह, ४०,०००च्या आत मिळेल, त्यातलं सगळ्यात बरं घ्यायचं आणि घरी यायचं. आणि नवी मालिका निघालीच, तरी पहिल्या महिन्यात उडी घेऊ नकोस. फेब्रुवारी २०२५मध्ये ५०९० आणि ५०७० टीआयच्या काही कार्डांत आरओपी हे चित्राला शेवटचा हात देणारे भागच कमी निघाले होते. कंपनीने मान्य करून बदलून दिली, पण हजारो रुपयांचा डबा परत पाठवून वाट बघत बसणं आपल्याला इंदुरात परवडत नाही.

‘मूर्ख ठरेन’ हे तू लिहिलंस, ते कोणापुढे? आमच्या पिढीत मुली बघताना ‘याहून बरं स्थळ येईल’ म्हणत बसलेले दोन काका होते. एक अजून बसला आहे. कार्ड घेतल्यावर महिन्याने नवं आलं, तर तुझ्या कार्डाचे फ्रेम कमी होत नाहीत. कमी होते ती मित्रांपुढची मिजास, आणि तुझे शनिवारचे मित्र कोणतं कार्ड आहे हे विचारत असतील असं मला वाटत नाही. ते विचारत असतील, ‘आलास का?’

वडिलांचं वाक्य मला बरं वाटलं, पण पूर्ण पटलं नाही. ‘चालतंय’ हे ते बाहेरून बघून म्हणतात. आणि तू सव्वीस वर्षांचा, कमावता, पैसे साठवून खर्च करणारा. त्यांची परवानगी मागू नकोस, त्यांना दाखव. आई-बाबा सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक बघून रात्री परत येतील तेव्हा त्यांना पाच मिनिटं खुर्चीवर बसव. तुझे बाबा चाळीस वर्षांपूर्वी रेडिओ उघडून बसणाऱ्यांपैकी असतील, तर धूळ झाडायला तेच पहिले पुढे येतील. पंखा बोटाने धरायचं काम त्यांना दे.

या शनिवारी खेळून झालं की चार आकडे मला पाठव: जीपीयूचा टक्का, कार्डाचं तापमान, रॅमचा वेग, आणि मॉनिटरसमोर लिहिलेले हर्ट्झ. सोबत त्या तीन खेळांची नावं.

तुझा,
काका